वंशावळीचा कागद म्हणजे प्रकृतीची हमी नव्हे

केनेल क्लबचा कागद कुत्र्याचे कूळ सांगतो, प्रकृती नाही. त्यामुळे दादरमधल्या एका नोंदणीकृत लॅब्राडॉर मादीला बिनकागदाचा नर दाखवणे म्हणजे वंश बाटवणे, हा एका पत्रलेखकाचा निष्कर्ष टिकत नाही. उलट बंद वंशावळीतच दोष साचतात. डाल्मेशियन जातीत युरिक आम्लाचा दोष सरसकट मुरला होता. १९७३ मध्ये अमेरिकेत पॉइंटरशी एकदाच संकर झाला, पुढे पिढ्यान्‌पिढ्या डाल्मेशियनशीच जोड लावली गेली, तेव्हा हा दोष नसलेली डाल्मेशियन पिल्ले मिळाली. आपल्याकडचा कारवानी कुत्रा तर खेड्यापाड्यांत कागदाविनाच जोपासला गेला. केंद्राचे २०१७ चे पैदास नियमही मादीचे वय (किमान १८ महिने) आणि वेतांची संख्या (आयुष्यात पाच) पाहतात. अनैतिक आहे ते नराच्या खुब्याचा एक्स-रे न काढणे आणि संकरित पिल्लू अस्सल म्हणून गळ्यात मारणे.