आपोआप धार लागणारा चाकू

'आपोआप धार लागणारा' खिशातला चाकू घ्यावा का? माझं मत स्पष्ट आहे : घेऊ नये. उंदराचे पुढचे दात खरोखर आपोआप धारदार राहतात, कारण समोरच्या कठीण एनॅमलआधी मागचं मऊ डेंटिन झिजतं. या चाकूंच्या म्यानात मात्र बहुधा कार्बाइडची खाच असते. गरज असो-नसो, पातं काढता-घालताना ती पोलाद खरवडते, तेही एकाच कोनात. पातं लवकर झिजतं, पैसे आपले जातात. जनावराला त्रास होऊ नये म्हणून जबहपूर्वी सुरी पाजळा, असं पैगंबरांनी (स.) सांगितलं ते माणसाला, ही जबाबदारी म्यानावर कशी टाकता येईल? साधा चाकू आणि निसणा घ्या. मुलांनाही धार लावायला शिकवा.