वॉरंटी कॅपची, दाढेची नव्हे

गेल्या पावसाळ्यात आमच्या लॅबमध्ये एका ब्रिजची ऑर्डर आली. पेशंट स्त्री, वय 48, शेड ए-3. खालच्या डाव्या बाजूची पहिली मोठी दाढ, जिला आमच्या कामात 36 नंबर म्हणतात, ती काढून टाकलेली. म्हणून तिच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या दाताचा आधार घेऊन तीन दातांचा ब्रिज करायचा होता. स्लिपवरचं नाव ओळखीचं वाटलं. संगणकात शोधलं, तर चौदा महिन्यांपूर्वी याच बाईंच्या याच दाढेसाठी मीच झिर्कोनियाची कॅप केली होती.

जुना आणि नवा स्कॅन पडद्यावर एकावर एक ठेवला. पुढचे दात तंतोतंत जुळले. दाढ होती तिथे आता नुसती हिरडी होती, आणि तिच्या दोन्ही बाजूंचे चांगले, न किडलेले दात ब्रिजसाठी चहूबाजूंनी घासून बारीक केलेले होते. डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, कॅपला काही झालं नव्हतं, ती शाबूत होती. आतली दाढ कडेकडून किडत गेली आणि वाचवण्यासारखी उरली नाही.

मी मूळचा हुपरीचा. घरात चांदीकाम. मुशीत आटलेली चांदी बघतच मोठा झालो. डेंटल मेकॅनिकचा अभ्यासक्रम पुरा करून कोल्हापुरात लॅबमध्ये लागलो, तेव्हा तिथली भट्टी बघून घरीच आल्यासारखं वाटलं. मेणाचा दात कोरायचा, त्याभोवती साचा ओतायचा, भट्टीत मेण जाळून टाकायचं आणि उरलेल्या पोकळीत वितळलेला धातू सोडायचा. मूर्तिकार आणि सोनार हजारो वर्षं हेच करत आले. दातांच्या कामात ही पद्धत 1907 साली अमेरिकेतले दंतवैद्य विल्यम टॅगार्ट यांनी रुळवली. मी वीस वर्षं अशाच कॅपा केल्या. निकेल-क्रोमियमची धूळ नाकातोंडात जायची, आणि हात जरा थरथरला की दिवसाचं काम वाया जायचं.

आता मेणाची सुरी क्वचितच हातात येते. डॉक्टर तोंडात छोटा कॅमेरा फिरवून दातांचा स्कॅन पाठवतात, किंवा आम्ही प्लास्टरचा साचा स्कॅन करतो. कॅप पडद्यावर घडते आणि यंत्र ती कोरून देतं. या कल्पनेची सुरुवात 1970च्या दशकात फ्रान्समधल्या फ्रान्स्वा ड्युरे यांनी केली. सप्टेंबर 1985 मध्ये झुरिक विद्यापीठात दंतवैद्य वेर्नर मोरमान आणि अभियंते मार्को ब्रांडेस्टिनी यांच्या यंत्रावर कोरलेला पोर्सेलेनचा तुकडा, पेशंट खुर्चीत असतानाच, दाढेच्या खड्ड्यात बसवला गेला. झिर्कोनिया पुढे आला. यंत्रात लावतो तेव्हा त्याची चकती खडूइतकी ठिसूळ असते. म्हणून कॅप मुद्दाम 20 ते 25 टक्के मोठी कोरतात. नंतर 1500 अंश सेल्सियसच्या आसपास भाजली की ती आकसून मापात येते आणि इतकी कठीण होते की काढायची वेळ आली तर डॉक्टरांना हिऱ्याचे बर लावावे लागतात.

या यंत्राबद्दल माझ्या मनात आदरच आहे. हिरडीशी दिसणारी धातूची काळी रेघ त्याने घालवली. आमची फुप्फुसं वाचवली. कॅप हरवली तर जुन्या फाइलवरून नवी करता येते. सकाळी मन लावून केलेलं आणि संध्याकाळी थकून केलेलं काम, असा फरक त्याच्याकडे नसतो. माझी तक्रार आहे ती त्याच्या नावावर आपण जे खपवू लागलो आहोत त्याबद्दल.

कॅपचं आयुष्य तिच्या कडेवर ठरतं. डॉक्टर दाढ घासतात तेव्हा खाली, हिरडीजवळ, एक कडा तयार होते. कॅप जिथे संपते आणि दाढ जिथे सुरू होते, ती ही जागा. तिथली फट 120 मायक्रॉनपर्यंत चालू शकते, असा निष्कर्ष मॅक्लीन आणि फॉन फ्राउनहोफर यांनी 1971 साली मांडला आणि आजही आम्ही तोच आकडा धरून चालतो. 120 मायक्रॉन म्हणजे डोक्याच्या केसापेक्षा जरासं जाड. फट याहून मोठी राहिली की सिमेंट हळूहळू झिजतं, लाळ आणि अन्नाचे कण आत जातात, आणि कॅपखाली कुणाला न दिसता कीड सुरू होते. रूट कॅनाल झालेल्या दाढेला ठणकाही लागत नाही, त्यामुळे पेशंटला फार उशिरा कळतं.

कॅमेरा प्रकाशावर चालतो. हिरडीखाली दडलेलं, रक्ताखाली किंवा लाळेखाली बुडालेलं त्याला दिसत नाही. म्हणूनच स्कॅनच्या आधी हिरडीत बारीक दोरा भरून ती बाजूला करावी लागते, रक्त थांबवावं लागतं, दाढ कोरडी करावी लागते. ही सगळी माणसाच्या हाताची आणि सबुरीची कामं. कडा अस्पष्ट असली तरी संगणक अडून बसत नाही. दिसेल तिथे रेघ ओढतो आणि दिसत नाही तिथे अंदाजाने जोडून टाकतो. पडद्यावर दोन्हीकडची रेघ सारखीच ठसठशीत दिसते.

त्या बाईंच्या पहिल्या स्कॅनमध्ये जिभेकडच्या बाजूला कडा दिसत नव्हती. मी फोन केला होता, "सर, आतल्या बाजूला ब्लड आलंय, पुन्हा स्कॅन मिळेल का?" उत्तर आलं, "पेशंट गुरुवारी येणार आहे. तुमच्या अनुभवाने जुळवून घ्या." मी जुळवून घेतलं. दाढ किडायला इतरही कारणं असतात, हे मला माहीत आहे. पण डॉक्टरांनी कीड जिथून शिरली म्हणून सांगितलं, ती जागा माझ्या त्या अंदाजाच्या रेघेवरच होती. मी तेव्हा नाही म्हणायला हवं होतं.

कॅपबरोबर पेशंटला वॉरंटीचं कार्ड मिळतं. दहा वर्षं, पंधरा वर्षं. लोक ते सोन्याच्या पावतीसारखं जपून ठेवतात. कार्ड नीट वाचा. हमी असते ती झिर्कोनिया तुटणार नाही याची. खालची दाढ टिकेल असं त्यात कुठेही लिहिलेलं नसतं. त्या बाईंच्या कार्डावर अजून कितीतरी वर्षं शिल्लक होती आणि त्यांचा दावाही लागू होत नव्हता, कारण कॅप शाबूत होती!

म्हणून माझ्या तीन मागण्या आहेत. पहिली पेशंटकडून. खुर्चीतून उठण्याआधी विचारा, "डॉक्टर, माझ्या दाढेची कडा पडद्यावर दाखवता का?" घासलेल्या दाढेभोवती सलग, स्वच्छ रेघ दिसली पाहिजे. मध्येच ती धूसर झाली, तर ते तुम्हालाही ओळखता येईल. दुसरी डॉक्टरांकडून. स्कॅन झटपट होतो म्हणून त्याच्या आधीची तयारी झटपट उरकू नका, आणि लॅबने स्कॅन परत पाठवला तर तो अपमान समजू नका.

तिसरी मागणी आम्हा लॅबवाल्यांकडून आणि आमच्यावर नियंत्रण ठेवणाऱ्यांकडून. 1948 च्या दंतवैद्य कायद्यातच डेंटल मेकॅनिकच्या नोंदणीची तरतूद होती. तरीही आज कॅप कुणी केली, हे पेशंटला कळत नाही. आमच्या गावी पैंजणावर पेढीचा शिक्का मारायचे. टंच कमी निघाला तर माल कुणाच्या दारात परत न्यायचा, हे गिऱ्हाइकाला ठाऊक असायचं. प्रत्येक कॅपबरोबरही असा कागद हवा. कोणतं मटेरियल, कोणत्या कंपनीचं, कोणत्या लॉटचं, कोणत्या लॅबमध्ये, कोणत्या नोंदणीकृत तंत्रज्ञाने केलं. आपलं नाव लिहिलं जाणार आहे म्हटल्यावर अंदाजाने रेघ ओढताना कुणाचाही हात थांबेल. माझा तर नक्कीच थांबला असता.

तो ब्रिज मी केला. ज्या दिवशी तो पाठवला, त्याच दिवशी आमच्या स्लिपवर एक ओळ छापून घेतली, "कडा स्पष्ट नसलेला स्कॅन परत पाठवला जाईल." दोन डॉक्टरांनी आमच्याकडे काम देणं बंद केलं. परवा मात्र एका मॅडमना फोन करून सांगितलं की मागच्या बाजूची कडा दिसत नाही. त्यांचा पेशंट अजून खुर्चीतच होता. त्यांनी त्याला थांबवलं, पुन्हा दोरा भरला, पुन्हा स्कॅन केला. दहा मिनिटं लागली. नव्या फाइलमध्ये दाढेभोवतीची रेघ पूर्ण गोल दिसत होती, आणि मला कुठेही अंदाज करावा लागला नाही.

या दहा मिनिटांचा हट्ट पेशंटनेही धरावा, एवढ्यासाठी हे लिहिलं.