टाच का दुखते?

पहाटे अंथरुणातून उठून पहिले पाऊल भुईवर टेकावे आणि टाचेत सुई टोचल्यासारखी कळ यावी. चार पावले चालल्यावर ती ओसरावी आणि दिवसभराच्या कामानंतर सायंकाळी पुन्हा उठावी, हा अनुभव चाळिशी उलटलेल्या पुष्कळांना येतो. घरातील मंडळी ‘हाड वाढले’ असे निदान करून मोकळी होतात.

खरे कारण बहुधा निराळे असते. टाचेच्या हाडापासून बोटांपर्यंत तळव्याखालून एक चिवट पट्टा गेलेला असतो. धनुष्याच्या दोरीप्रमाणे तो पावलाची कमान धरून ठेवतो. वाढलेले वजन, कठीण फरशीवर तासन्‌तास उभे राहणे, झिजलेल्या वहाणा व आखडलेल्या पोटऱ्या यांमुळे त्याच्यावर फाजील ताण पडतो. रात्रभर आखडलेला हा पट्टा सकाळी एकदम ताणला जातो. म्हणून पहिलेच पाऊल अधिक दुखते. क्ष-किरण चित्रात हाडाचा काटा दिसला तरी घाबरू नये; ज्यांची टाच मुळीच दुखत नाही, अशा अनेकांतही तो आढळतो.

टाचेच्या मागील बाजूस दुखत असेल, तर दोष बहुधा पोटरीच्या कंडरेचा असतो. ८ ते १४ वर्षांचे खेळकर मूल टाच दुखते म्हणाले, तर त्याला कामचुकार समजू नका. त्या वयात टाचेच्या हाडाचा वाढता भाग कोवळा असतो व ओढीने दुखावतो. धावणे व उड्या मारणे काही काळ कमी केल्यास आराम पडतो.

मोठ्यांनी घरातही मऊ तळाच्या वहाणा वापराव्यात. उठण्यापूर्वी पायाची बोटे हाताने आपल्याकडे ओढून दहा अंक मोजावेत. असे दहा वेळा करावे. फडक्यात गुंडाळलेला बर्फ १० ते १५ मिनिटे लावावा. गुण येण्यास कित्येक महिने लागतात; धीर सोडू नये.

मात्र टाच सुजून लाल झाली, ताप आला, विश्रांतीतही ठणका थांबेना किंवा पडल्यावर पाऊल टेकवेना, तर डॉक्टरांकडे जाण्यास विलंब करू नये. मधुमेह असलेल्यांनी तर तापल्या विटेचा शेक किंवा बर्फ स्वतःच्या मनाने कधीही घेऊ नये. त्यांचे पाऊल बधिर झालेले असू शकते. कातडी भाजली तरी कळत नाही आणि त्या जखमेपायी प्रसंगी पायच गमवावा लागतो. घरातील अशा वडीलधाऱ्यांची पावले रोज रात्री कोणीतरी दिव्यापाशी नीट पाहावीत. त्यास दोन मिनिटेही लागत नाहीत.