‘ती कोयत्यावाल्यांची हाय’ : आपल्या पोरांना मैत्री कोण शिकवणार?

आम्ही मोरगावचे. बारामती तालुक्याचा हा जिरायती पट्टा. कऱ्हेला पाणी आलं तर आलं, नाहीतर टँकर. इथून निरेच्या कालव्याकडे उतरलं की मात्र चित्र पालटतं. दोन्ही बाजूंना ऊस, आणि दिवाळीच्या आगेमागे उसाच्या कडेला, माळावर, कारखान्याच्या तळावर कोप्या उभ्या राहतात. बीड, जालना, परभणी, अहिल्यानगरकडून टोळ्या येतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते आणि ती फिटेपर्यंत नवरा-बायकोचा मिळून एक ‘कोयता’ मोजला जातो. माणसाला अवजाराचं नाव देणारी ही व्यवस्था आहे. त्या कोयत्यामागे येणारी पोरं तर मोजलीही जात नाहीत.

या बागायती पट्ट्यातल्या एका वस्तीवर आम्ही रविवारी सहा ते दहा वर्षांच्या मुलांचा वर्ग घेतो. त्रिसरण-पंचशील, बाबासाहेबांच्या गोष्टी, थोडं वाचन, थोडा खेळ. गेल्या हंगामात एक सात-आठ वर्षांची मुलगी कडेवर भाऊ घेऊन दाराशी येऊन उभी राहिली. आम्ही तिला आत घेतलं. आमच्याच एका कार्यकर्त्याचा मुलगा लगेच सरकून बसला आणि म्हणाला, ‘‘ताई, मी हिच्याशेजारी नाही बसणार. ती कोयत्यावाल्यांची हाय. वास येतो तिचा.’’

भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर होती. पाच मिनिटांपूर्वी हाच मुलगा पंचशील तोंडपाठ म्हणाला होता.

साथींनो, हा लेख त्या मुलाविरुद्ध नाही, आपल्याविरुद्ध आहे. सात वर्षांचं पोर हे वाक्य आईच्या पोटातून घेऊन येत नाही. ते ओट्यावर ऐकतं, दुकानात ऐकतं, आपल्या घरात ऐकतं. ‘कोयतेवाले आलेत, मोटारीच्या वायरी सांभाळा’ हे आपल्याही वस्तीत बोललं जातं. ज्यांच्या आज्या-पणज्यांना गावाबाहेर ठेवून ‘यांचा वास येतो’ म्हटलं गेलं, त्यांच्या नातवंडांच्या तोंडी तेच वाक्य आलं असेल, तर मनूला शिव्या देऊन भागणार नाही.

बाबासाहेबांच्या लहानपणीची एक हकिकत आपण भाषणात सांगतो. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आत्मकथनपर लेखनात त्यांनी ती स्वतः लिहिली आहे. १९०१ साल. वडील खटाव तालुक्यात दुष्काळी तलावाच्या कामावर कॅशियर होते. त्यांना भेटायला छोटा भीम, त्याचा भाऊ आणि भाचरं नवे कपडे घालून आगगाडीने मसूर स्टेशनावर उतरली. स्टेशनमास्तरने आधी मायेने विचारपूस केली. ‘महार’ हा शब्द कानावर पडताच त्याचा चेहरा बदलला. बैलगाडीवाले दुप्पट पैसे देऊनही तयार होईनात. शेवटी एक तयार झाला तो या अटीवर, की पोरांनी गाडी हाकायची आणि त्याने बाजूने चालायचं. सोबत डबा होता, पण पाणी कुणी दिलं नाही. पोरं उपाशी झोपली.

ही गोष्ट आम्ही त्या वर्गात सांगितली. सगळ्यांचे डोळे भरले. मग आम्ही विचारलं, ‘‘त्या स्टेशनावर तुम्ही असता तर काय केलं असतं?’’ सगळे ओरडले, ‘‘पाणी दिलं असतं!’’ मग आम्ही विचारलं, ‘‘आज आपल्या वर्गात मसूर स्टेशन कुठंय?’’ बराच वेळ कुणी बोललं नाही. तो मुलगा जागचा हलला नाही, पण मान खाली घातली.

आपण ती गोष्ट अर्धीच सांगत आलो आहोत. ‘आपल्यावर अन्याय झाला’ इथे ती संपवतो. ‘म्हणून आपण कुणावर तो करणार नाही’ हा तिचा दुसरा अर्धा भाग मुलांना कुणी सांगत नाही. बडोद्याचीही तीच गत. १९१७ साली परदेशातून शिकून आलेल्या माणसाला पारशी पथिकाश्रमातून काठ्या घेऊन आलेल्या जमावाने बाहेर काढलं. एक हिंदू मित्र, एक ख्रिस्ती मित्र, दोघांनीही घरात घेण्याचं टाळलं. कमाठी बागेत बसून त्यांनी वेळ काढला आणि रात्रीच्या गाडीने मुंबई गाठली. आपल्याच देशात छप्पर नाकारलेल्या या माणसाचे आपण वारस आहोत. त्या लेखनाच्या नावातच ‘व्हिसा’ आहे, हा काही योगायोग नाही.

पुढचा रविवार आम्ही एका खेळाला दिला. ‘‘आज रात्री घर सोडायचंय, परत कधी यायचं ठाऊक नाही. पाठीवर मावेल तेवढंच घ्या. काय घ्याल?’’ आमच्या मुलांनी सांगितलं : मोबाईल, सायकल, टीव्ही. ती कोपीतली मुलगी म्हणाली, ‘‘हंडा, तवा, गोधडी. आन कोंबडी टोपलीखाली. दगडं तिकडं मिळत्यात चुलीला.’’ त्या दिवशी वर्गात शिक्षक ती होती. त्या मुलाने तिला विचारलं, ‘‘मग तुझी वह्या-पुस्तकं?’’ ती म्हणाली, ‘‘ती गावाकडंच राह्यली.’’

तिथून आम्ही ‘निर्वासित’ हा शब्द शिकवला. छळाच्या भीतीने देशाची सीमा ओलांडावी लागते तो निर्वासित. देशातल्या देशात पोटासाठी, दुष्काळामुळे, धरणामुळे घर सुटतं तो स्थलांतरित किंवा विस्थापित. कायद्याने दोन वेगळे, पण घर सोडणाऱ्या मुलाचं टोपलं सारखंच. उदाहरणं लांब शोधावी लागली नाहीत. शेजारच्या इंदापूर तालुक्यात उजनीच्या पाण्याखाली जुनं पळसदेव गेलं. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की देवळाचं शिखर वर येतं आणि लोक फोटो काढायला जातात. त्या देवळाभोवती घरं होती, हे फोटोत येत नाही. पुण्याजवळचं पिंपरी, कल्याणजवळचं उल्हासनगर फाळणीनंतर आलेल्या सिंधी निर्वासितांमुळे वसलं. दुसऱ्या महायुद्धात कोल्हापूरजवळ वळिवडे इथे सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित १९४३ पासून काही वर्षं राहिले. म्हणजे महाराष्ट्राच्या मातीला दुसऱ्याचं पोर सांभाळण्याची सवय आहे. ती आपण विसरलो.

आता आपल्याच एका साथीचा आक्षेप. तो म्हणाला, ‘‘पोरांना बाबासाहेब शिकवा. हे निर्वासित वगैरे कशाला? आपलंच घर जळतंय.’’ दोन घरांनी तर या कारणावरून मुलं पाठवणं बंद केलं. त्यांच्या भीतीला आम्ही हसत नाही. पण बाबासाहेब शिकवायचे तर १९४७ ही शिकवावं लागेल. पाकिस्तानात अडकलेल्या अनुसूचित जातीच्या लोकांना, मिळेल त्या मार्गाने भारतात या, असं आवाहन बाबासाहेबांनी केलं. डिसेंबर १९४७ मध्ये त्यांनी पंतप्रधान नेहरूंना पत्र लिहून त्यांचे हाल मांडले. सफाईची कामं बंद पडतील म्हणून तिकडचं सरकार त्यांना निघू देत नव्हतं. आणि जे इकडे पोहोचले त्यांना छावणीचे अधिकारी आत घेत नव्हते. मदत मात्र छावणीत राहणाऱ्यालाच, असा नियम. फाळणीने सगळ्यांची घरं घेतली, जात मात्र निर्वासितांच्या छावणीतही सोबत आली. देशाचा कायदामंत्री संविधानाच्या कामात बुडालेला असताना निर्वासितांच्या रेशनसाठी भांडत होता. हे ‘आपलं काम’ नव्हे म्हणणाऱ्याने बाबासाहेब वाचलेले नाहीत.

ज्या बंगालमधून १९४६ साली बाबासाहेब संविधान सभेवर निवडून गेले, त्या निवडीमागे जोगेंद्रनाथ मंडल आणि नामशूद्र समाज उभा होता. फाळणीनंतर मंडल पाकिस्तानचे कायदामंत्री झाले आणि १९५० साली राजीनामा देऊन भारतात परतले. त्यांचा समाज निर्वासित झाला. त्यातले कित्येक दंडकारण्यात पाठवले गेले. तिथून सुंदरबनातल्या मरीचझापी बेटावर जाऊन वसलेल्यांची १९७९ साली नाकेबंदी झाली, गोळीबार झाला. आपल्या गडचिरोलीत मुलचेरा, चामोर्शीकडे बंगाली वस्त्या आहेत. नामशूद्र महाराष्ट्राच्या अनुसूचित जातींच्या यादीत नाहीत, म्हणून तिथल्या मुलांना सवलत नाही. ज्यांनी बाबासाहेबांना संविधान सभेत पाठवलं त्यांच्या नातवंडांसाठी आपल्या किती जयंत्यांमध्ये एक ठराव झाला?

आणि आता सगळ्यात अवघड गोष्ट. धर्मछळ झालेल्यांत बौद्धही आहेत, हे आपण आवर्जून सांगतो : १९५९ नंतर आलेले तिबेटी, काप्ताई धरणाने उजाड होऊन १९६४ पासून अरुणाचलात आलेले चकमा. त्याच चकमांच्या खटल्यात १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की कलम २१ चं संरक्षण नागरिक नसलेल्यालाही आहे. हे ऐकून आपण टाळ्या वाजवतो. पण ऑगस्ट २०१७ नंतर म्यानमारमधून सात लाखांहून अधिक रोहिंग्या बांगलादेशात पळाले, तेव्हा पळवणारा देश बौद्धबहुल होता. चीवर घातलेल्या काहींनी मुसलमानांविरुद्ध विष पेरलं होतं. तेव्हा आपल्यातले किती जण बोलले? ‘ते मुसलमान आहेत, आपला काय संबंध’ असं म्हणणारा बौद्ध आणि ‘ते महार आहेत, आपला काय संबंध’ म्हणणारा गाडीवान यांत आम्हाला फरक दिसत नाही.

सरकारचंही तेच. भारताने १९५१ च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही, निर्वासितांसाठी स्वतंत्र कायदा नाही. २०१९ ची नागरिकत्व दुरुस्ती आली, तीही धर्म विचारून दार उघडणारी. त्यात मुसलमानाला जागा नाही. मोठ्या माणसांनी हे लिहिलं. पोरांनी ‘हिच्याशेजारी बसणार नाही’ म्हटलं की मग आपल्याला नवल का वाटावं?

काही जण म्हणतील, इतक्या लहान मुलांना हे झेपत नाही. सहा वर्षांच्या पोराला प्रेतं दाखवा, असं आम्ही म्हणत नाही. त्याला जागा द्यायला शिकवा. नाव विचारायला शिकवा, कारण ‘कोयता’ हे कुणाचंही नाव नसतं. पाण्याची बाटली पुढे करायला, खेळात घ्यायला, तिच्या बोलीला न हसायला शिकवा. जे पोर दुसऱ्याला हीन लेखायला सहाव्या वर्षी शिकू शकतं, ते आदर करायलाही सहाव्या वर्षीच शिकू शकतं.

पण इथे एक खड्डा आहे. शाळांमधलं मूल्यशिक्षण बहुतेक वेळा दयेवर थांबतं. थंडीत कोप्यांवर घोंगड्या वाटायच्या, फोटो काढायचा, घरी यायचं. पालखी बारामती-इंदापुरातून जाते तेव्हा हाच भाग वारकऱ्यांना मायेने जेवू घालतो आणि ती माया खरी असते. तीच माया आपला ऊस तोडणाऱ्या बाईला पिण्याचं पाणी भरू देताना आटते कशी? मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा ऊसतोड कुटुंबं कारखान्यांच्या परिसरात अडकून पडली आणि कित्येक गावांनी वेशीवर काटे टाकले. दया काट्याच्या अलीकडेच थांबते. ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ मध्ये बाबासाहेब सांगतात की करुणा पुरेशी नाही, मैत्री त्याच्या पुढे जाते आणि कुणालाही वगळत नाही. दया वरून खाली टाकता येते. मैत्रीसाठी शेजारी बसावं लागतं, आणि शेजाऱ्याचा हक्क मारला गेला तर उठून उभंही राहावं लागतं.

म्हणून त्या मुलीला वर्गात घेऊन आम्ही थांबलो नाही. परिसरातल्या एका शाळेने दाखला नाही म्हणून तिला परत पाठवलं होतं. आम्ही शिक्षण हक्क कायदा घेऊन गेलो. कलम ४ : वयानुरूप वर्गात प्रवेश. कलम ५ : दाखल्याला उशीर झाला म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. कलम १४ : वयाचा पुरावा नाही म्हणून अडवता येत नाही. तीन चकरा झाल्या, चौथ्या दिवशी ती वर्गात बसली. हंगाम संपून टोळी निघाली तेव्हा तिच्या आईच्या हातात शिक्षण हमी कार्ड होतं. ती माउली म्हणाली, ‘‘ताई, हे कार्ड पावसात भिजंल. प्लास्टिकची पिशवी असंल तर द्या.’’ पिशवी त्याच मुलाने घरून पळत जाऊन आणली, ज्याला तिचा वास येत होता. तो बदलला असा दावा आम्ही करणार नाही. पुढच्या हंगामात कळेल.

साथींनो, आपल्या वर्गांत, विहारांत, जयंती मंडळांत एवढं करा. डीजेच्या वर्गणीतून एक हिस्सा काढा आणि नोव्हेंबरात आपल्या शिवारातल्या कोप्यांवर जा. किती पोरं शाळेबाहेर आहेत ते मोजा, नावानिशी वही करा, कलम ५ दाखवून त्यांना शाळेत बसवा. सोबत आपली मुलं न्या. त्यांना मसूरची गोष्ट पूर्ण सांगा. म्यानमारचीही सांगा, आपली मान खाली जाते तिथेही. ज्या दोन घरांनी मुलं काढून घेतली त्यांच्याकडे आम्ही पुन्हा जाणार आहोत. भांडायला नव्हे, चहा प्यायला.

स्वातंत्र्य, समता आणि बंधुता हे आपण बुद्धाकडून घेतलं, असं बाबासाहेबांनी १९५४ साली आकाशवाणीवरून सांगितलं होतं. पहिल्या दोन शब्दांसाठी आपण मोर्चे काढतो, काढलेच पाहिजेत. तिसऱ्या शब्दासाठी सतरंजीवर थोडं सरकून जागा करावी लागते. तेवढं आपल्या पोरांना येत नसेल, तर आपण त्यांना अजून बाबासाहेब शिकवायला सुरुवातच केलेली नाही.

जय भीम! नमो बुद्धाय!