जुन्या कॉम्प्युटरवर दोन-दोन अँटीव्हायरस कशाला?

४ जीबी रॅमचा जुना कॉम्प्युटर. त्यावरच बिलं, जीएसटीचं काम आणि संध्याकाळी मुलांचा अभ्यास. मंडळी, आपल्यातल्या बऱ्याच जणांचा धंदा अशाच मशीनवर सुरू होतो. मग कोणीतरी सांगतं, नवीन व्हायरस आलाय. आपण घाबरून एकाच्या जोडीला दुसरा अँटीव्हायरस टाकतो. मशीन इतकं रेंगाळतं की गिऱ्हाईक समोर उभं आणि बिल काही निघेना. शेवटी वैतागून आपणच दोन्ही बंद करतो. पैसेही गेले आणि दारही उघडंच!

माझं मत स्पष्ट आहे. अशा मशीनला विंडोजमध्ये आधीपासून असलेला डिफेंडर पुरतो, तोही फुकट. दुसरा विकत घेतलाच असेल तर तो एकटाच चालू द्या.

अपडेट मात्र अडवू नका. २०१७ च्या मे महिन्यात वॉनाक्रायने जगभरातले कॉम्प्युटर लॉक करून बिटकॉइनमध्ये खंडणी मागितली. तो ज्या फटीतून पसरला, ती बुजवणारा अपडेट मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिला होता! विंडोज १० चा नेहमीचा सपोर्टही १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय. तुमच्या मशीनवर ११ चालत नसेल तर लिनक्स मिंटचा विचार करा. फक्त तुमचं बिलिंग सॉफ्टवेअर त्यावर चालतं का, ते आधी बघा.

आता थोडं कडू बोलतो. क्रॅक सॉफ्टवेअर टाकताना सूचना येते, "आधी अँटीव्हायरस बंद करा." म्हणजे चोरच सांगतोय, वॉचमनला घरी पाठवा. आणि आपण पाठवतो! लायसन्स परवडत नसेल तर लिब्रेऑफिस फुकट आहे, सुरुवातीचा हिशोब त्यात मस्त होतो.

रोजच्या कामासाठी स्टँडर्ड अकाउंट बनवा. अ‍ॅडमिनचा पासवर्ड वेगळा ठेवा आणि तो काउंटरवरच्या पोराला देऊ नका. दहा मिनिटांचं काम आहे, मशीनवर भार शून्य. चुकून एखादी घातक फाइल उघडली तरी तिला अख्ख्या विंडोजवर ताबा मिळवणं अवघड जातं. फाइलचं पूर्ण नाव दिसेल अशी सेटिंगही करून ठेवा. विंडोज शेवटची अक्षरं लपवतं, त्यामुळे 'कोटेशन.पीडीएफ.ईएक्सई' आपल्याला साधी पीडीएफ वाटते.

पण त्या अकाउंटमधला तुमचा डेटा तरीही लॉक होऊ शकतो. उधारीची वही पाण्यात गेली तर वसुली कोणाकडून करणार? म्हणून दर शनिवारी दुकान बंद करताना बाहेरच्या हार्ड डिस्कवर बॅकअप घ्या आणि वायर काढून डिस्क कपाटात ठेवा. जोडलेली राहिली तर रॅन्समवेअर तीही लॉक करतं. महिन्यातून एकदा त्यातली एखादी फाइल दुसऱ्या मशीनवर उघडून बघा.

स्टँडर्ड अकाउंट कसं बनवायचं, ते पुढच्या व्हिडिओत स्क्रीनवर दाखवतो.