गाडी सरळ का जात नाही?

शिक्षकांच्या रोबोटिक्स कार्यशाळेत एक अडचण हमखास येते. छोट्या रोबोट-गाडीच्या दोन्ही मोटरी एकाच खोक्यातल्या, प्रोग्रॅममध्ये दोघींना आकडाही सारखाच, तरी गाडी एका बाजूला ओढली जाते. अशा वेळी प्रशिक्षक पुढे होऊन आकडा बदलून देतात आणि गाडी सरळ धावू लागते. आमच्या मते नेमके शिकायचे ते तिथेच निसटते.

गाडी चालवणाऱ्या आर्डुइनो या नियंत्रक बोर्डाच्या एका पिनमधून २० मिलिअँपिअरच्या आसपासच विद्युतप्रवाह घ्यावा. अडलेली छोटी मोटरही त्याच्या कितीतरी पट मागते. म्हणून मध्ये ड्रायव्हर, म्हणजे मोटरीला हवा तेवढा प्रवाह पुरवणारे सर्किट, लागतो. वेगासाठी ० ते २५५ मधला आकडा द्यायचा, की पिन सेकंदाला सुमारे ४९० वेळा चालू-बंद होते. आकडा फार लहान दिला तर मोटर नुसती गुणगुणते, चाक हलत नाही. आतल्या प्लॅस्टिकच्या दात्यांचे घर्षण प्रत्येक मोटरीत वेगळे, म्हणून गाडी वाकडी जाते. चाकाचे फेरे मोजणारा एन्कोडर लावून वेग दुरुस्त करायचा, हा नियंत्रणाचा पहिला धडा. आठवीच्या मुलीने “सर, असं का?” विचारले, तर याचे उत्तर तिच्याबरोबर शोधता यावे, यासाठी शिक्षकाने आधी स्वतः तासभर त्या गाडीशी झगडलेले असले पाहिजे.

नीती आयोगाच्या योजनेतून २०१६ पासून देशातल्या शाळांत दहा हजारांच्या घरात अटल टिंकरिंग लॅब उभ्या राहिल्या. शाळेला २० लाखांपर्यंत अनुदान मिळते. २०२५च्या अर्थसंकल्पात पाच वर्षांत सरकारी शाळांमध्ये आणखी ५० हजार लॅबची घोषणा झाली. सामान येईल. पण ते कपाटाबाहेर निघेल का? एखादा ड्रायव्हर जळाला तर डेडस्टॉक रजिस्टरमध्ये काय लिहायचे, या धास्तीने चांगले शिक्षकही किटला हात लावू देत नाहीत. हा दोष त्यांचा नाही. रसायनशास्त्राच्या प्रयोगात आम्ल संपते तसे इथे सुटे भाग संपणारच. ड्रायव्हर, मोटरी, तारा सरळ खर्ची टाकण्याची मुभा मुख्याध्यापकांना लेखी मिळाली पाहिजे.

दुसरे, एका कार्यशाळेवर थांबू नये. आयआयटी मुंबईच्या ‘ई-यंत्र’ प्रकल्पात महाविद्यालयीन अध्यापकांना कार्यशाळेनंतर गटाने प्रत्यक्ष कामे पूर्ण करावी लागतात. शालेय शिक्षकांनाही तशी संधी हवी. आणि प्रमाणपत्र देण्याआधी प्रत्येकासमोर मुद्दाम बिघडवलेली एक गाडी ठेवावी: कुठे तार सैल, कुठे बॅटरी उतरलेली, कुठे ग्राउंड जोडायचा राहिलेला. दोष शोधायला हवा तेवढा वेळ द्यावा, आणि प्रशिक्षकाने त्या वेळात हात मागे ठेवावेत.