विगृह्यसंभाषेचा अतिरेक

चरकसंहितेच्या विमानस्थानात, आठव्या अध्यायात, तद्विद्यसंभाषेचे संधाय आणि विगृह्य असे दोन प्रकार वर्णिले आहेत, हे वैद्यवर्गास नव्याने सांगण्याची आवश्यकता नाही. परीक्षेसाठी आपण सर्वांनी ते मुखोद्गत केले आहेत. तथापि वैद्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप समूहांवर आज जे चालते ते पाहिले, तर संधायसंभाषा उत्तरपत्रिकेतच राहिली की काय, अशी शंका येते.

उदाहरण गुडूचीचेच घेऊ. कोविडच्या साथीत घरोघरी गुळवेलीचा काढा सुरू झाला. २०२१ मध्ये मुंबईतील यकृत्तज्ज्ञांनी गुळवेलीच्या सेवनानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांचे वृत्त प्रसिद्ध केले. त्याच वर्षी जुलैमध्ये आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला. रुग्णांनी घेतलेल्या द्रव्याची तपासणी झालेली नाही आणि गुळवेलीसारखीच दिसणारी दुसरी जाती वापरली गेली असण्याचा संभव आहे, असे मंत्रालयाचे म्हणणे होते. २०२२ मध्ये अनेक केंद्रांतील रुग्ण एकत्र करून आणखी एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात स्वयंप्रतिकारजन्य यकृत्विकाराशी साधर्म्य असलेली लक्षणे नोंदविली होती.

हा विषय आपला होता. द्रव्याची ओळख कोणी पटविली? स्वरस घेतला, काढा घेतला की घनवटी? मात्रा किती आणि किती दिवस? रुग्णाची प्रकृती, अग्नी, पूर्वीचा व्याधी काय होता? बलवान, अल्पबल, लंघनार्ह अशा सर्वांनी एकच द्रव्य महिनोन्महिने घ्यावे, असे आपल्या कोणत्या ग्रंथात सांगितले आहे? या प्रश्नांची उत्तरे वैद्यांखेरीज कोण शोधणार? पण माझ्या पाहण्यात आलेल्या समूहांवर दुसऱ्या दिवशीच चर्चा या प्रश्नांवरून घसरली. शंका विचारणारा वैद्य ‘तिकडचा हस्तक’ ठरला. उलट बाजूने, गुडूचीचा कैवार घेणाऱ्याची स्वतःची वटी बाजारात आहे, असा टोमणा आला. मग कोण कोणत्या महाविद्यालयाचा, कोणाच्या गुरूंनी कोणाच्या गुरूंना कोणत्या परिषदेत निरुत्तर केले होते, कोणाच्या दवाखान्यात सलाईन लावले जाते, इथपर्यंत मजल गेली. गुळवेल बाजूलाच राहिली.

संधायसंभाषेसाठी चरकाचार्यांनी सांगितलेली पथ्ये पाहावीत. समोरचा ज्ञानी, क्रोधरहित आणि असूयारहित असेल तर त्याच्याशी निःशंकपणे बोलावे, निःशंकपणे विचारावे, त्याने विचारल्यास स्पष्ट उत्तर द्यावे. पराभवाच्या भयाने उद्विग्न होऊ नये, जिंकल्यास हर्षित होऊ नये, आणि त्या विजयाची इतरांजवळ बढाई मारू नये. या अखेरच्या पथ्याचे आज सर्वाधिक उल्लंघन होते. एका समूहातील प्रत्युत्तराचे छायाचित्र काढून ‘पाहा, कसे गप्प केले’ असे म्हणत ते दहा समूहांत फिरविणे ही आता नित्याची गोष्ट झाली आहे.

आचार्य भाबडे नव्हते, हेही नमूद केले पाहिजे. विगृह्यसंभाषेच्या प्रकरणात प्रतिपक्षाचे बलाबल कसे जोखावे, सभा कोणत्या प्रकारची आहे हे कसे ओळखावे, अल्पश्रुत प्रतिवाद्यास लांबलचक सूत्रपाठाने कसे नमवावे, अशा युक्त्याही त्यांनी मोकळेपणाने दिल्या आहेत. आपल्यातील काहींनी अध्यायाचा तेवढाच भाग आत्मसात केलेला दिसतो! परंतु विग्रहातून काहींच्या मनात तीव्र द्रोह उत्पन्न होतो आणि क्रुद्ध माणसास न करण्याजोगे व न बोलण्याजोगे काही उरत नाही, हा इशाराही तेथेच दिलेला आहे. शिवाय त्या काळच्या सभेत प्रतिवादी समोर बसलेला असे आणि सभा संपली की वाद तेथेच राहत असे. आज रात्री अकरा वाजता रागाच्या भरात लिहिलेले वाक्य सकाळी शेकडो वैद्यांनी वाचलेले असते, आणि त्यांतील अनेकांनी ते जपूनही ठेवलेले असते.

यात सर्वाधिक हानी नवोदितांची होते. ग्रामीण भागात एकट्याने व्यवसाय करणाऱ्या तरुण वैद्यास शेजारी विचारावयास ज्येष्ठ नसतो, समूह हाच त्याचा आधार. त्याने एखाद्या आमवाताच्या रुग्णाविषयी विचारले आणि उत्तरादाखल ‘निदानस्थान पुन्हा वाचा’ एवढेच मिळाले, तर तो पुन्हा विचारीत नाही. एखाद्या कल्पानंतर रुग्णास कावीळ झाली, तर ती गोष्ट तो मनातच ठेवतो. आयुष औषधांच्या अनिष्ट परिणामांची नोंद घेणारी यंत्रणा देशात आहे. दिल्लीची अखिल भारतीय आयुर्वेद संस्था तिचे राष्ट्रीय समन्वय केंद्र आहे. पण जो आपल्याच बंधूंत बोलण्यास कचरतो, तो तेथे कळविण्याचे धैर्य कोठून आणणार?

रुग्णाच्या बाबतीत तर काही प्रकार अक्षम्य आहेत. दुसऱ्या वैद्याचा चिठ्ठीकागद, रुग्णाचे नाव-गाव तसेच ठेवून, उपहासासाठी समूहावर टाकलेला मी पाहिला आहे. व्यवसायबंधूची रुग्णासमोर निंदा करू नये आणि रुग्णाचे गुपित राखावे, हा आपल्या व्यवसायाचा जुनाच संकेत आहे. साधन बदलले म्हणून तो शिथिल होत नाही.

समूहप्रमुखांनी काय करावे? सदस्याच्या लिखाणासाठी केवळ प्रमुख म्हणून कोणास फौजदारी दृष्ट्या जबाबदार धरता येणार नाही, असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये दिला. त्याचा आधार घेऊन अनेक प्रमुख स्वस्थ बसतात. मात्र न्यायालयाने दायित्वातून मोकळे केले म्हणून सभापतीचे काम संपत नाही. रसांच्या संख्येविषयी एकापासून असंख्येयापर्यंत मते मांडली गेली, तेव्हा पुनर्वसु आत्रेयांनी प्रत्येकाचे ऐकून घेतले आणि मग सहाच रस का, हे कारणे देऊन सांगितले. कोणालाही मूर्ख म्हटल्याचा उल्लेख तेथे नाही.

आपल्या संघटनेच्या शाखांनी निदान एवढे तरी ठरवावे. रुग्णाविषयीची पृच्छा नाव वगळून आणि वय, प्रकृती, दोष-दूष्य, घेतलेले कल्प व त्यांची मात्रा अशा क्रमाने मांडली जावी. व्यक्तीविषयी तक्रार असल्यास ती समूहावर न मांडता त्या व्यक्तीस दूरध्वनीवरून सांगावी. आणि विधान मागे घ्यावयाचे असेल तर ज्या समूहावर केले त्याच समूहावर मागे घ्यावे. तिसऱ्या कलमास विरोध होईल, याची मला कल्पना आहे. शाखांच्या पुढील बैठकीत प्रथम त्यावरच चर्चा व्हावी.